अंगावरचा दिवस

भोकरवाडीच्या तिन्ही बाजूंना कंपन्या उभ्या राहिल्या आणि गावातून मजूर नावाचं माणूस नाहीसं झालं. सकाळी कंपन्यांच्या बस येतात आणि हातपाय धड असलेलं जे कोणी फाट्यावर उभं असेल त्याला उचलून नेतात. बापे पॅकिंगला, बाया कॅन्टीनला. रानात कामाला येता का म्हणून विचारलं तर लोक आधी आपल्या तोंडाकडे आणि मग आपल्या चपलांकडे बघतात. तरी दर हिवाळ्यात गावाच्या उरल्यासुरल्या रानात कांद्याची लागण होते, आणि ती होते ती सावडीच्या जोरावर.

सावडीचा कायदा साधा. आज सगळ्या बाया तुझ्या रानात, उद्या सगळ्या माझ्या. पैशाचा व्यवहार नाही, दिवसाला दिवस. घरातून दोन बाया सावडीत आल्या तर सावड त्या घरी दोन दिवस येणार, एक आली तर एकच दिवस. हा सगळा हिशेब सोजरबाईच्या डोक्यात असे. म्हातारी सत्तरीच्या पुढची, अंगावर मांस नाही, पण एकदा वाफ्यात बसली की भाकरीच्या वेळेपर्यंत उठायची नाही. कोण कुणाचा दिवस देणं लागतं हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. तिच्या शब्दापुढे कुणी जात नसे. जाऊन सांगणार तरी कुणाला?

दौलतरावाच्या घरातून दोन बाया येत: बायको कौसल्या आणि मुलगी इंद्रायणी. दौलतराव स्वतः चाकणच्या एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली पॅकिंगला, दुसऱ्या शिफ्टला. इंद्रायणी चिंचवडच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. लागणीच्या दिवसांत ती कॉलेज बुडवायची, याचं घरात कुणालाच काही वाटत नसे, कॉलेजलाही नसावं. त्या साली सावड त्यांच्या रानातून आधीच होऊन गेली होती. दोन दिवस बाया वाफ्यांतून सरकल्या आणि सगळं रान हिरवं करून गेल्या. आता मायलेकी रोज कुणाच्या ना कुणाच्या वाफ्यात बसून ते फेडत होत्या.

त्या दिवशी लागण पाटाच्या खालच्या अंगाला चालली होती. भल्या सकाळी वाफ्यात पाणी सोडलेलं, चिखल बर्फासारखा गार. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताच्या अंगठ्याने एकेक रोप चिखलात दाबायचं आणि उकिडवं बसूनच मागे सरकायचं. दुपारी भाकरीला बसल्यावर इंद्रायणीने प्लास्टिकच्या पिशवीतला फोन काढला. चिखलाच्या बोटांना स्क्रीन दाद देईना, म्हणून तिने तो नाकाने उघडला. मेल आली होती. ती वाचताना तिच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

"काय झालं ग?" कौसल्येने विचारलं.

"मुलाखत आहे. नेदरलँडवाल्यांची."

"हळू बोल."

इंद्रायणीने दिवाळीच्या आधी नेदरलँडच्या एका विद्यापीठात एम.एस्सी.साठी अर्ज केला होता. बियाणं आणि रोपांचा अभ्यास, दोन वर्षांचा. फी माफीची जागा मिळाली तरच जाणं शक्य होतं, आणि त्या जागेसाठी ही मुलाखत होती. कौसल्येला हे ठाऊक होतं. सावडीला मात्र ठाऊक नव्हतं, आणि ते कळू द्यायचं नाही असं कौसल्येने पोरीला बजावलं होतं. पोरगी परदेशात चालली हे कळलं की पहिला प्रश्न निघणार, पुढल्या साली या घरचं माणूस किती धरायचं? एक. म्हणजे सावड एकच दिवस येणार आणि अर्धं रान पडीक राहणार. घरात दुसरी बाई नाही, मजूर मिळत नाहीत. आपल्या पोरीचं भलं व्हावं आणि आपलं रानही पडू नये, या दोन्ही गोष्टी एका आईला एकाच वेळी वाटू शकतात, त्यात काही पाप नाही.

"कवा हाय?" कौसल्येने विचारलं.

"गुरुवारी. दुपारी."

कौसल्येने बोटांवर दिवस मोजले. शेवटची पाळी सोजरबाईची होती. तिच्या रानात सावड बुधवारी आणि गुरुवारी बसणार होती. गुरुवार म्हणजे त्या सालच्या लागणीचा शेवटचा दिवस.

घरी आल्यावर दोघींनी जमेल ते केलं. इंद्रायणीने तारीख बदलून मागणारी मेल पाठवली. उत्तर सौजन्याने भरलेलं आलं आणि त्यात नकार होता. कौसल्येने बदलीच्या बाईसाठी फोन लावले. सावडीत न येणाऱ्या गावातल्या सगळ्या बाया कंपनीत होत्या. माहेरची भावजय बाळंतपणात अडकलेली. दौलतरावाचा भाऊ प्रभाकर जमिनीचा वाटा विकून चिंचवडला सोसायटीत राहायला गेला होता. त्याची बायको फोनवर म्हणाली, "अहो ताई, मला आता खाली बसवतच नाही. डॉक्टरांनी कमोड सांगितलाय." कौसल्येने बरं म्हणून फोन ठेवला.

"इंदू, तू त्यांना सांग ना घरात कुणी आजारी हाय म्हणून."

"सांगून झालं आई. ते म्हणतात, दुसरी वेळ नाही."

"मंग सोजर आत्याबाईला काय सांगू मी? तिच्या रानात शेवटच्या दिशी एक माणूस कमी? ती आपल्याला सावडीतनंच काढंल."

दौलतराव जेवत होता. त्याची त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती. पोरीने अर्ज केला तेव्हा तो काही बोलला नव्हता. हो म्हणाला नव्हता आणि नाहीही म्हणाला नव्हता. प्रभाकर गेला तेव्हाही तो असाच गप्प होता. गेलं माणूस परत येत नाही, एवढं त्याला भावावरून कळलं होतं आणि ते बोलून दाखवण्यात त्याला अर्थ वाटत नव्हता. त्याने ताटात पाणी ओतून हात धुतला.

"मी बसतो," तो म्हणाला.

"कुठं?"

"वाफ्यात. गुरुवारी. कंपनीत खाडा करतो."

"तुमी?" कौसल्या त्याच्याकडे बघत राहिली. "बायांच्यात?"

"हात हायत की मला."

लागण हे बायांचं काम. बाप्यांनी वाफे बांधायचे, पाणी धरायचं, रोपांच्या पाट्या वाहायच्या. वाफ्यात उकिडवा बसलेला बाप्या भोकरवाडीने पाहिलेला नव्हता. इंद्रायणी म्हणाली, "आप्पा, नको. लोक हसतील." दौलतराव म्हणाला, "हसू दे. फुकाट हाय." आणि उठून बाहेर गेला.

गुरुवारी उजाडताच इंद्रायणी फाट्यावरून बसने निघाली. गावात नेट टिकत नाही. कंपन्यांच्या गुदामांच्या पत्र्यांमुळे ते मधेच तुटतं. म्हणून मुलाखत तिची वर्गमैत्रीण साक्षी हिच्या पिंपळे सौदागरच्या घरातून द्यायचं ठरलं होतं. चाकण चौकात बस अडकली, भोसरीला पुन्हा अडकली. इंद्रायणी खिडकीशी बसून नखांतला चिखल हेअरपिनने काढत राहिली. निघाला तेवढा निघाला.

इकडे सोजरबाईच्या रानात दौलतराव डोक्याला टॉवेल बांधून बांधावर उभा राहिला तेव्हा बाया आधी समजल्या की हा पाट्या वाहायला आलाय. त्याने चप्पल काढली, लेंगा गुडघ्यावर खोचला, रोपांची जुडी घेतली आणि कौसल्येच्या शेजारच्या वाफ्यात बसला. सोजरबाईची सून अंजली पदर तोंडात कोंबून हसायला लागली, आणि तिचं पाहून बाकीच्या.

"दौलत," सोजरबाई म्हणाली, "ह्ये काय?"

"बदली, काकी. इंदूच्या जागंला."

"इंदू कुठं गेली?"

"कामाला गेलीया. पिंपळे सौदागरला."

"असं कंचं काम?"

दौलतरावाला खोटं बोलता येत नसे, आणि खरं बोलायचं नाही असं बायकोने सांगितलेलं. तो चिखलाकडे बघत म्हणाला, "परीक्षाच म्हणा."

सोजरबाईने त्याच्याकडे पाहिलं, कौसल्येकडे पाहिलं, आणि आपल्या ओळीला लागली. 

दौलतराव कंपनीत दिवसभर उभा असतो. पन्नाशीच्या माणसाला उकिडवं बसून मागे सरकायचं म्हणजे काय, हे त्याला भाकरीच्या आधीच कळलं. गुडघे बोंबलायला लागले. तो एका गुडघ्यावर आला, मग दोन्हीवर, मग सरळ बुड टेकवून चिखलात बसला. त्याचा अंगठा मोठा. रोप इतकं खोल जाई की वर नुसती पात दिसे, नाहीतर मुळी उलटी वर यायची. ओळ आधी डावीकडे गेली, मग उजवीकडे. लेंगा मागून भिजला आणि बांधावरून जाणारी पोरं थांबून फोटो काढायला लागली. त्याने मान वर केली नाही. कौसल्येला त्याची कीव आली आणि रागही आला. आपल्या नवऱ्याला सगळ्या गावासमोर असं बघणं कुठल्या बाईला सोसतं? ती आपली ओळ सोडून त्याची रोपं सरळ करायला गेली.

"तुझा वाफा कोण करंल, कौसे?" सोजरबाई मागे न बघता म्हणाली.

खरी अडचण वेगळीच होती. सावड ही नुसती कामाची जागा नव्हे. सासू, नणंद, नवरा, नवऱ्याची दारू, कुणाची पाळी चुकली, कुणाच्या सुनेने गॅस वेगळा केला, हे सगळं वाफ्यातच निघायचं. वर्षभराचं मनातलं लागणीच्या दिवसांत खाली व्हायचं. आज मधे एक बाप्या बसलेला. त्यामुळे बाया हवापाण्याचं बोलल्या, टोमॅटोच्या भावाचं बोलल्या आणि मग गप्प झाल्या. दिवस सरता सरेना.

तिकडे साक्षीच्या घरी तिची आई मृदुलाकाकू हिने इंद्रायणीला दारातच विचारलं, "पाय धुतेस का? म्हणजे, प्रवासातून आलीस, बरं वाटेल." पाय स्वच्छ होते. इंद्रायणीने तरी धुतले. काकू वाईट नव्हती. तिने उपमा केला होता, दाराची घंटी बंद केली होती आणि पुस्तकांच्या कपाटासमोर खुर्ची मांडली होती, मागे चांगलं दिसावं म्हणून. साक्षीने तिला आपला निळा कुडता घालायला दिला. तो खांद्यात घट्ट होत होता. लागणीने खांदे भरतात, ते निळ्या कुडत्याला कुठून माहीत असणार.

पडद्यावर एक वयस्कर बाई आणि एक तरुण माणूस होते. इंद्रायणीचं इंग्रजी पुस्तकी होतं, पण अडत नव्हतं. बियाण्यांचे प्रश्न झाले, प्रयोगशाळेचे झाले. मग त्या बाईंनी विचारलं, "अर्जात तुम्ही लिहिलंय की गटात काम करायची सवय आहे. ती कुठे लागली?"

याचं उत्तर तिने पाठ केलं होतं. कॉलेजचा प्रोजेक्ट, चारजणींची टीम, वेळेचं नियोजन. पण तो प्रोजेक्ट तिने एकटीने केला होता आणि बाकीच्यांनी नावं घातली होती. त्या क्षणी तिच्या तोंडून ते निघेना. तिने सावड सांगितली. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. माणसाला माणूस.

बाई पुढे वाकल्या. "आणि एखादी त्यातून निघून गेली तर?"

"तर तिच्या घराचं काम अर्धंच होतं."

"मग तुम्ही इथे आलात तर तुमच्या घराचं काय होईल?"

इंद्रायणीने तोंड उघडलं. याला काहीतरी झकपक उत्तर देता आलं असतं, पण तिला आत्ता सोजरबाईच्या वाफ्यात काय चाललं असेल ते दिसायला लागलं. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "आज माझ्या जागी माझे वडील बसलेत. यापुढे काय होईल, ते मला माहीत नाही."

तरुण माणसाने काहीतरी टिपून घेतलं. पडदा बंद झाल्यावर साक्षी म्हणाली, "अगं, 'माहीत नाही' असं कुणी सांगतं का?" इंद्रायणीला वाटलं, झालं, गेलं. तिने कुडता घडी करून परत दिला.

ती गावात पोचली तेव्हा उन्हं उतरली होती. ती घरी न जाता तशीच सोजरबाईच्या रानात गेली. शेवटचा वाफा लागत होता. दौलतराव बांधाला धरून उभा राहायचा प्रयत्न करत होता आणि कंबर काही केल्या सरळ होत नव्हती. अंजली आणि दुसरी एक बाई त्याच्या वाफ्यातली रोपं उपटून पुन्हा लावत होत्या. ते पाहून इंद्रायणी धावत वाफ्यात उतरली.

"ऱ्हाऊ दे," सोजरबाई म्हणाली. "झालंया."

सगळ्या पाटावर हातपाय धुवायला जमल्या. शेवटच्या दिवशी सोजरबाई सगळ्यांसमोर सांगायची, कुणाचं कुणाशी फिटलं. तिने एकेक घर घेतलं. फिटलं, फिटलं, फिटलं. मग ती दौलतरावाच्या घरावर आली.

"कौसल्येचं फिटलं. दौलतचा दिवस धरायचा न्हाई."

कौसल्येने तांब्या खाली ठेवला. "का, आत्याबाई? दिवसभर बसलं की माणूस."

"बसला. त्यानं लावलं त्ये दोघींनी उपटून लावलं. आन दिवसभर बायांच्या तोंडाला कुलूप. त्याला कसा दिवस म्हनू मी?" म्हातारीच्या आवाजात राग नव्हता, आणि दयाही नव्हती. "इंदूचा दिवस अंगावर ऱ्हायला."

"मी उद्या येते, आज्जी," इंद्रायणी म्हणाली. "सांगाल ते करते."

"उद्याच्याला कसली लागण? लागणीचा दिवस लागणीलाच फिटतो."

दौलतराव वाकलेलाच घरी निघाला. एक दिवस चिखलात बसून, गावाचं हसं होऊन, त्याच्या पदरात काही पडलं नाही. वाटेत मायलेकी त्याच्या दोन्ही बाजूंना होत्या. घराजवळ आल्यावर त्याने विचारलं, "तुझं कसं झालं?"

"चांगलं नाही झालं, आप्पा."

"बरं," तो म्हणाला. "पाणी तापवायला सांग."

दुसऱ्या दिवशी तो कंबरेला पट्टा बांधून शिफ्टला गेला.

निवडीची मेल होळीच्या सुमाराला आली. फी माफीसकट. इंद्रायणीने ती तीनदा वाचली आणि मग आईला सांगितली, आणि कौसल्या आधी हसली, मग रडली, मग चुलीवरचं दूध उतू गेलं म्हणून दोघी धावल्या. दौलतरावाने मेल वाचून दाखवायला लावली. इंग्रजीतच. कळली नाही, तरी शेवटपर्यंत ऐकली. "म्हंजे जातीयास," तो म्हणाला. "जा."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. कौसल्येने घरोघर पेढे दिले. सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं आणि पाठ फिरताच, आता हिच्या रानाचं काय, याची चर्चा केली. सोजरबाईकडे ती शेवटी गेली. कांदा काढणीला आला होता.

"आत्याबाई, इंदूचा तेवढा दिवस घ्या उरकून. काढणीला दोन दिस येईल ती. न्हाईतर तिच्या जागंला मी येते."

"तुझा दिवस तुझा. तिचा तिचा."

"अवो पर ती चालली परदेशाला. लोक म्हनतील, सावडीचा दिवस बुडवून गेली."

"म्हनू दे."

"मग चार दिस येते मी. तुमी म्हनाल तितकं येते."

सोजरबाईने पेढा तोंडात टाकला. "न्हाई घ्यायचा मला," ती म्हणाली आणि कांदे काढायला वळली.

कौसल्या घरी येऊन रडली. म्हातारीने मुद्दाम छळ मांडलाय, पोरीचं चांगलं झालेलं तिला बघवत नाही, असं ती बोलली. इंद्रायणीलाही तसंच वाटलं. तिला चीड आली. ज्या बाईच्या रानात ती लहानपणापासून बसली, त्या बाईने एका दिवसासाठी इतकं धरून बसावं? उन्हाळाभर ती सोजरबाईच्या वाटेने गेली नाही.

व्हिसा, तिकीट, गरम कपडे, या सगळ्यात दिवस कसे गेले कळलं नाही. जायच्या आदल्या दिवशी कौसल्या म्हणाली, "म्हातारं माणूस हाय. पाया पडून ये." इंद्रायणी नाखुशीनेच गेली. सोजरबाई कांद्याच्या चाळीत सडके कांदे निवडत होती. वास नाकात बसत होता. इंद्रायणी वाकली. म्हातारीने डोक्यावर हात ठेवला, हाताला कांद्याचं पाणी लागलेलं.

"माझा दिवस हाय तुझ्याकडं," ती म्हणाली.

"आहे, आज्जी." इंद्रायणीने ओठ घट्ट मिटले आणि ती निघाली.

ती गेली आणि घर मोठं झालं. दौलतराव शिफ्टवरून आल्यावर तिच्या खोलीतला दिवा लावून ठेवायचा आणि कौसल्या विजेच्या नावाने ओरडून तो बंद करायची. फोन रोज यायचा. तिकडे पाऊस, तिकडे सायकल, तिकडे माणसं वेळेवर जेवतात. ठीक आहे म्हणायची. आईच्या कानाला ते फारसं ठीक वाटत नसे. एकदा ती म्हणाली, "इथे कुणाचं कुणावर काही नसतं ग. सगळं जिथल्या तिथे." मग हसली.

लागणीचे दिवस आले. रोप तयार झालं. सावड बसायची बैठक शाळेच्या व्हरांड्यात भरली. कौसल्या जाताना दौलतरावाला म्हणाली, "एक दिस येईल सावड. खालचं रान पडूच दे या साली." ती मागे, खांबाला टेकून बसली. 

सोजरबाई घरं घेत गेली. कुणाची दोन, कुणाची एक, कुणाच्या नव्या सुनेसकट तीन. मग म्हणाली, "दौलतच्या घरची दोन."

"एक, आत्याबाई," कौसल्या म्हणाली. आपणच सांगितलेलं बरं, असं तिला वाटलं. "इंदू न्हाई ना."

"दोन."

"ती तिकडं हाय, अन् दोन कशी धरायची?" अंजलीने सासूला विचारलं. तिच्या बोलण्यात खोच नव्हती, तिला खरंच कळलं नव्हतं.

"तिच्या अंगावर माझा दिवस हाय," सोजरबाई म्हणाली. "दिवस अंगावर असलेलं माणूस सावडीतनं काढता येत न्हाई. माझ्या सासूच्या वक्ताला न्हाई काढलं, तिच्या सासूच्या वक्ताला न्हाई काढलं. फिटल्यावर काढायचं. फिटलं का तिचं?"

तिने सगळ्यांवरून नजर फिरवली.

"न्हाई फिटलं. मंग दोन."

"आन तिच्या वाटचं काम?"

"बदली द्यायची. दौलतला बसू दे."

व्हरांड्यात हसू फुटलं. एकजण म्हणाली, "मग आमी बोलायचं कवा?"

"त्याला पार बांधाकडच्या वाफ्यात बसवू. उलट्या तोंडानं." सोजरबाईला हसू आलं नव्हतं. "आन कौसे, रोपाच्या वाफ्यात बसवून शिकव त्याला आधी. या साली पुन्यांदा उपटायला लागलं तर बघ."

एवढे महिने कौसल्येने या म्हातारीला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं, ते सगळं तिला आठवलं आणि शरमेने तिची मान खाली गेली. ती पुढे सरकली आणि सोजरबाईचे पाय धरले. म्हातारीने पाय मागे ओढून घेतले. "उठ. पुढलं घर घेऊ दे," ती म्हणाली.

घरी दौलतराव शिफ्टला निघायच्या तयारीत होता. "दोन धरली," कौसल्या म्हणाली.

"दुसरं कोण?"

"इंदू. बदलीला तुमी."

तो खाटेवर बसला. त्याने डबा बाजूला ठेवला आणि कंबरेवर हात फिरवला. मग म्हणाला, "सुपरवायझरला सांगतो. रातपाळी द्या म्हनावं लागणीत." आणि नाक पुसून उठला.

इंद्रायणीचा फोन आला तेव्हा कौसल्येने सगळं सांगितलं, पहिल्यापासून, कोण काय म्हणालं ते आवाज काढून. पलीकडून काहीच ऐकू येईना. नेट गेलं असं वाटून कौसल्या "हॅलो, हॅलो" करत राहिली.

"आहे मी," इंद्रायणी म्हणाली. तिचा आवाज ओला होता. "म्हणजे मी अजून धरलेली आहे, आई?"

"धरलीया. दिवस अंगावर हाय तवर धरलीया. पर इंदू, तू काळजी करू नगं. सुट्टीला आलीस की पहिला त्यो दिवस फेडून टाकू."

"नको, आई," इंद्रायणी म्हणाली. "राहू दे."